अचल

चि. गारगोटीस आशीर्वाद.

तू भूशास्त्र घेतलंस तेव्हा मी हसलो होतो, "दगडांचं काय शिकायचं गं? ते काय पळून जातात? आणि यावर नोकरी कोण देणार?" काल दरडींच्या खात्याची अधिकारी होऊन तू दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आजोबा, मागचा डोंगर सरकतोय. या आठवड्यात घर सोडावं लागेल."

शाळेतल्या कवितांत डोंगराला अचल म्हणायचे, म्हणजे न हलणारा. त्या शब्दाच्या भरवशावर मी इथे जन्म काढला. "कविता पाठ नसणाऱ्यांनी मला डोंगर शिकवू नये," असं म्हणून दार लावायला गेलो, तर ते लागेना. "लाकूड फुगलंय," मी म्हणालो. तू चौकटीवर हात ठेवलास. "लाकूड नाही आजोबा, भिंत कललीय."

तू गेल्यावर तुझी लहानपणची काचेची गोटी जमिनीवर ठेवली. क्षणभर ती थबकली आणि माझ्यादेखत दाराकडे घरंगळत निघाली. अचलच चालू लागला, तर बसून राहणारा मी कोण?

हे पत्र पेटीत टाकत नाही. ते आणि गोटी खिशात घालून मीच तुझ्याकडे येतोय.

तुझा चळलेला
आजोबा