बासुंदीची खरवड

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर,
ता. २५ सप्टेंबर १९७८

गं. भा. आक्का यांस,
सौ. सरोजिनीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. पण दसरा जवळ आला. अप्पा दरवर्षीप्रमाणे अंबाबाईच्या दर्शनाला येतील, पिशवीभर भाजी माझ्या ओसरीवर ठेवतील आणि स्वतःच्या फिरकीच्या झाकणाच्या तांब्यातलं पाणी पिऊन उठतील. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नये, ही रीत मला ठाऊक आहे. पण लग्नाला आठ वर्षं झाली, आक्का. तो तांब्या ओसरीवर दिसला की सगळ्या गल्लीला माझी रिकामी कूस आठवते. गेल्या साली सासूबाई म्हणाल्या, तुझ्या वडिलांचा तांब्या आमच्या देवघरापेक्षा सोवळा दिसतो. मी हसले आणि मोरीत जाऊन रडले.

यंदा मी दसऱ्याला बासुंदी करणार. अप्पा ती न खाता उठले, तर मी पुन्हा मुरगूडचा उंबरा चढणार नाही. हे रागाच्या भरात लिहीत नाही. शमशादभाभी, आक्काला पत्र वाचून दाखवताना हे वाक्य गाळू नका.

तुझ्या मायेची धनी, तुझी नात,
सरोजिनी


॥ श्री ॥

मुरगूड,
ता. २९ सप्टेंबर

चि. सौ. सरोजिनीस,
आक्काचे पोटभर आशीर्वाद.

शमशादनं एकबी वाक्य गाळलं न्हाय. शेजारी दिवसभर कपडं बेतती, कात्री हातात असती, पण तुझ्या पत्राला लावली न्हाय. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिव, टाके घालू नकोस.

तू उंबरा चढणार न्हाईस म्हणं. मग तू बाळासोचीच लेक की. तोबी असाच, खुंटा रोवल्यावाणी. दोन खुंटांच्या मधी मी म्हातारी किती दिवस दावं धरून उभी राहू?

आता ऐक. दूध आपल्या म्हशीचं, त्यानंच पिळलेलं. साखर त्यानंच कारखान्यावरनं आणलेली. नुसतं दूध धाडलं तर एसटीत नासंल, म्हणून निम्मं मी हितं चुलीवर आटवते. राहिलेलं तू तिथं आटवायचं. माझं जाड बुडाचं पातेलं फडकं बांधून त्याच्याच मांडीवर देते. तुझ्याकडं आला की म्हणायचं, अप्पा, दूध तुमचं, साखर तुमची, ह्यात माझ्या घरचं काय हाय? रीत मोडत न्हाय, जरा वाकती.

पातेल्यात एक बशी पालथी घाल. ती खडखडती तवर दूध हलतंय. गप झाली की तळाला लागलं समज. तुझा कान लहानपणापासनं दुसऱ्याच्या बोलण्याकडं, म्हणून सांगते. बाळासोला पोरवयात खरवडीचं लई याड हुतं. पातेल्यात डोकं घालून बसायचा. पोराला धुऊ का पातेल्याला, मला कळायचं न्हाय. पण आवंदा खरवड नको. चारचौघांत वाटी खाल्ली पायजे त्यानं.

सासूबाईंना नमस्कार सांग. त्यांनाबी देवघराचा तांब्या घासून ठेवायला सांग, असं लिवत हुते, पण शमशाद डोळं वटारती.

तुझी आक्का (अंगठा)


कोल्हापूर,
ता. १२ ऑक्टोबर

गं. भा. आक्का यांस,
सरोजिनीचा नमस्कार.

काल अप्पा आले. पातेलं जपून आणलं, थेंब सांडला नव्हता. दुसऱ्या हातात तांब्या होताच.

मी पातेलं स्टोव्हवर चढवलं. बशी छान खडखडत होती. तेवढ्यात ओसरीवर सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि अप्पांनी तो हाताने बाजूला सारला. सासूबाईंनी विचारलं, अजून किती वर्षं असंच? अप्पा काय उत्तर देतात म्हणून मी कान दिला. मग माझ्या लक्षात आलं, घरात सगळंच गप झालं होतं. बशीसुद्धा.

वरची बासुंदी अलगद दुसऱ्या भांड्यात काढली, वास लागू दिला नाही. वेलदोडा, केशर घालून वाटी अप्पांपुढे ठेवली आणि तू सांगितलेलं अक्षरन् अक्षर बोलले. त्यांनी वाटीकडे पाहिलं. हात मांडीवरून उचललाही, आक्का. मग म्हणाले, दूध माझं, साखर माझी, पण जाळ तुझ्या घरचा.

निघताना पातेलं मागितलं. भांडं माहेरी रिकामं धाडू नये, हे मला कळतं. पण मी त्यात काही घातलं नाही, घासलंही नाही. तळाच्या खरवडीसकट फडकं बांधून हातात दिलं. तुला घासायचा त्रास पडेल. अप्पांनी आपट्याचं सोनं दिलं, मी पाया पडले, पण तोंडाकडे पाहिलं नाही.

दिवाळीला माझी वाट पाहू नका.

सरोजिनी


॥ श्री ॥

मुरगूड,
ता. १५ ऑक्टोबर

चि. सौ. सरोजिनीस,
आक्काचे आशीर्वाद, वाट पाहू नका म्हणालीस तरी.

घासायचा त्रास कसला? पातेलं आलं तवा फडक्याला बैलाच्या दाव्याची गाठ हुती. तसली गाठ तुला येत न्हाय. सोडून बघते तर आत लखलखीत, माझं तोंड दिसलं. मी म्हटलं, पोरगी शहाणी, घासून धाडलं. तवर बाळासो गोठ्याकडं जाता जाता म्हणाला, आक्का, तिला सांग, साखर जरा कमी पडली. मी विचारलं, तू कुठं चाखलीस? म्हैस वरडतीया म्हणून गेला. म्हैस गपच हुती.

आज शमशादनं तुझं पत्र वाचलं आणि मी पदर तोंडात कोंबला. पन्नाशीचा गडी, एसटीच्या मागच्या बाकावर, पातेल्यात डोकं घालून. मी बघितलं न्हाय, पण मला दिसतंय.

तुझ्या घरच्या जाळानं लागलेली खरवड हुती ती, पोरी. सगळ्यात जास्ती जाळ तिलाच लागलाय.

दिवाळीला तुला आणायला तोच येणार. मी धाडत न्हाय. दिवाळी किती तारखेला लागती, त्यानंच शमशादला इचारलं. सकाळपासनं फिरकीचा तांब्या हुडकतोय. मी कणगीत, जोंधळ्याच्या तळाला घातलाय. स्टँडवरनं तुझ्या दारापतूर चालत आला की तहान लागंलच. तू आपणहून पाणी देऊ नकोस.

मागू दे त्याला.

तुझ्यावर हाय तेवढीच माया सासूबाईंवर ठेवून,
तुझी आक्का (अंगठा)