मधली जागा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दाढी गेली! सर्कसवाल्यांची अट होती — तंबूच्या दोरखंडांवर काम करायचं तर दाढी नको. मागच्या एकाची म्हणे दोर ओढायच्या चरकात अडकली होती. खरं-खोटं सर्कस जाणे. वाटेत न्हाव्याकडे बसलो आणि सफाचट! हनुवटीला वारा लागतोय. जन्मात पहिल्यांदाच लागल्यासारखा.

रविवारी तंबूचा ट्रक निघतो. तोवर मुक्काम आत्याकडे. बेल वाजवायच्या आधीच तिने दार उघडलं. जिन्यावर घोड्यासारखा येतोस, त्यावरून कळतं, म्हणाली. मग, "आली का भिंगरी." बस्स! दाढीबद्दल अवाक्षर नाही. मागच्या खेपेला त्या दाढीला हिने काय काय नावं ठेवली होती — झाडू काय, पायपुसणं काय. आणि आता ती नाही तर गप्प. माझ्या तोंडाकडे धड बघतही नव्हती, कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत होती. रागावलीय. दोन वर्षांत एक फोन केला नाही मी. असू दे, चार दिवसांत निवळेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आत्याचं काम लय भारी आहे. आवाज साफ करते! कोणीतरी स्टुडिओत बसून अख्खं पुस्तक मोठ्याने वाचतं. त्यातले खोकले, आवंढे, पानं उलटल्याची खसखस — सगळं ही घरी बसून कापते. सध्या एका घड्याळजीच्या खुनाची गोष्ट चालू आहे. वाचणारा बुवा दर दोन वाक्यांनी खोकतो. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो, दात घासायचे राहिले. खून कोणी केला विचारलं, तर आत्या म्हणे कळलं की तू पळशील, त्यापेक्षा बस.

तिचा स्क्रीन टेबलाएवढा. त्याच्या चार कोपऱ्यांत चार विंडो, आणि मधे सगळं मैदान. मी म्हटलं, मधे काय बॅडमिंटन खेळायचंय? म्हणाली, मधलं मला लागत नाही. जुन्या माणसांच्या एकेक सवयी!

हे पुस्तक शुक्रवारी संध्याकाळी गेलंच पाहिजे. स्टुडिओच्या मालकाने एक नवीन मुलगा शोधून ठेवलाय, तीन-तीन स्क्रीन लावून बसतो म्हणे. ह्या खेपेला उशीर झाला तर पुढचं काम त्याला. आत्याने हे भाजी महागली सांगावं तसं सांगितलं. पण तिचं घर ह्याच कामावर चालतं, एवढं मलाही कळतं.

संध्याकाळी काम आटपून ती दूध आणायला खाली गेली. स्क्रीनवर पाटी आली — नवी आवृत्ती तयार आहे, आता की नंतर? ती रोज 'नंतर' दाबते, मी पाहिलंय. मला 'नंतर' सोसतच नाही. दाबलं 'आता'!

काय देखणं झालंय! गोल गोल कोपरे, मागे सावल्या, विंडो उघडते ती कमळासारखी. उद्या सकाळी बघेल तेव्हा खूश होईल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

खूश! आत्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या तिच्याही पिढ्या आहेत, पण सांगणार कोण?

झालंय असं, की चारही विंडो आता मधोमध उघडतात, एकीवर एक, पत्त्यांच्या कॅटसारख्या. एखादी ओढून कोपऱ्यात न्यावी तर कडेला टेकल्याबरोबर फुगते आणि अर्धा स्क्रीन खाते. वर नेली तर सगळाच स्क्रीन! लहान करून खाली ठेवली की बाकीच्या तिच्या पोटात शिरतात, मग कुठली कुठली ते शोधा. मोठ्या मुश्किलीने चौघींना चार कोपऱ्यांत बसवलं. आत्या चहा टाकायला उठली, स्क्रीन झोपला, जागा झाला — चौघी परत मधे!

आत्या मान वाकडी करून कोंबडीसारखी स्क्रीनकडे बघत होती. एकदा इकडून, एकदा तिकडून. आणि कधी नाही ते चुकली. खोकला ठेवला आणि 'खून' कापला! मी फस्सकन हसलो. ती नाही हसली. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आत्याला अशी बसलेली मी कधी बघितली नव्हती. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

धावत कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. (कोपऱ्यावर एक माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता, शिडी मी धरली. थोडा वेळच.) तो म्हणाला, जुनं परत आणायचं तर सगळं पुसावं लागेल, दोन दिवस जातील. मी म्हटलं, पण मधेच का उघडतात? तर म्हणे, लोकांना सगळं डोळ्यांसमोर लागतं.

हे आत्याला सांगितलं. "असं होय," म्हणाली. आणि विचित्रच हसली.

स्टुडिओवाल्याचा फोन आला होता. ती त्याला म्हणाली, होतंय. काही होत नव्हतं!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जमलं! जमलं! जमलं!

पहाटे तंबूच्या खुंट्या डोक्यात होत्या. एवढा मोठा तंबू वाऱ्यात जागचा हलत नाही, तो खुंट्यांवर. मग विंडोला खुंटी का नसावी? कोणीतरी केली असणारच. शोधली आणि सापडली! एवढुसा फुकटातला प्रोग्राम. एक बटण दाबलं की विंडो आपल्या कोपऱ्यात जाऊन बसते, दुसरं दाबलं की दुसरी. मग सेटिंगच्या जंगलात शिरलो. ते कडेला टेकल्यावर फुगणं एका ठिकाणी बंद केलं. स्क्रीन जागा झाल्यावरचा गोंधळ भलत्याच पानावर लपला होता, तोही धरला. दहावी दोनदा नापास माणसाने! शाळेतले सर दिसले तर सांगेन.

आत्याला बसवलं. टक, टक, टक, टक — चार कोपरे, मधे मैदान. तिने एवढा मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, त्या चार बटणांवर गोंदाचा एकेक थेंब सोड, हाताला कळायला हवं. आता बटणं काय दिसत नाहीत का? पण हिच्या नादाला कोण लागणार. सोडले थेंब.

मग बाई सुटल्या! जेवण नाही, बोलणं नाही. खोकले पटापट पडत होते. 'खून'सुद्धा परत जागेवर आला. मी मागे जमिनीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं. खुनी कोण ते इथे लिहीत नाही, आत्याने शपथ घातलीय. पण मला वाटला तो नव्हता!

दिवे लागायच्या वेळेला पुस्तक गेलं. थोड्या वेळाने मालकाचा फोन — पुढचं पुस्तक सोमवारी पाठवतो. आत्याने फोन ठेवला, माझ्या डोक्यावर टपली मारायला हात उगारला आणि तो पडला खांद्यावर. दोघंही हसलो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सामान बांधलं. एक मोजा सापडत नाही. दाढीचा विषय आत्या अजूनही काढत नाही — पक्की आहे!

रविवार, ९ नोव्हेंबर

ट्रक गेला. मी इथेच आहे.

सकाळी बॅग पाठीला लावून तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. येतो म्हटलं. ती खुर्चीतून वळली.

"जरा बाजूला सरक," म्हणाली.

सरकलो.

"अजून. समोर असलास की दिसत नाहीस. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे, कडेचं तेवढं दिसतं. स्टुडिओत माहीत नाही. तूही बोलू नकोस."

मी पार कपाटाला टेकलो. तिने मान हलवली नाही. रिकाम्या दाराकडेच बघत राहिली, बराच वेळ. मग तिचा चेहरा एकदम फुलला.

"अरे भिंगरी," म्हणाली, "दाढी कधी काढलीस?"