माझा आवाज किती गाड्यांवर

१० जानेवारी २०१९, गुरुवार. सकाळी ११.२०

घोलवडच्या नाक्यावर टेम्पोच्या भोंग्यातून माझाच आवाज. "घराबाहेर या. मोकळ्या जागेत थांबा." भूकंपाचे धक्के सुरू झाले म्हणून मेहुल जाहिरातवाल्यासाठी मी हे वाचलं होतं. फक्त तलासरी, एक गाडी, एक आठवडा. गाडी वाढली की पैसे वाढणार, असं ठरलेलं. इथे लोक घाबरून बाहेर आले, आणि ड्रायव्हर ताडपत्र्या विकायला लागला. जमीन हललीच नव्हती.

१२ जाने.

मेहुलला फोन. "बेन, एकदा पैसे दिले ना? आवाज काय झिजतो?"
म्हटलं, तुझा टेम्पो एक दिवस भाड्याने घेते आणि वर्षभर फिरवते, चालेल?
हसला. मिशनच्या शाळेत सिस्टरनी छड्या मारून उच्चार घासून घेतले, ते काय याच्या ताडपत्र्यांसाठी...

१५ जाने. उधवा, बाजार

वांग्यांचा भाव विचारला. भाजीवाली उठली, पोराला कडेवर घेऊन छपराबाहेर जाऊन उभी राहिली. शेजारच्याही गेल्या.
"बाई, तुम्ही बोललात की भुई हलते."
"मी वांगी मागतेय."
कोणी आत येईना. मी गप्प झाले, तेव्हा एकेक परतली. वांगी बोटाने दाखवून घेतली.

१६ जाने.

दुधवाल्याशीही खुणांनीच.

१९ जाने.

सरावलीहून वहिनींचा फोन. काल दुपारी माझा आवाज आला म्हणे. एकेकाला नावाने हाक मारली, सगळे बाहेर पळाले, मग जमीन हलली.
"गाडी कुठे उभी होती?"
"गाडी नाही दिसली हो. तुम्हीच होतात ना?"
मी एकही नाव वाचलेलं नाही.
संध्याकाळी मेहुलच्या ऑफिसात. चार गाड्या कबूल केल्या. सरावली नाही. "तिकडे गाडी पाठवलीच नाही, बेन. माताजीची शपथ." या वेळी हसला नाही.

२१ जाने.

आज मेहुलला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. नक्कल:
'चार गाड्यांचे पैसे ठरल्या दराने द्यावेत. सरावलीत कोण बोललं आणि कोणाच्या परवानगीने, तेही कळवावं. आजपासून मी घरात तोंड मिटून आहे. यापुढे कुठेही माझा आवाज आला, तर तो तुमच्याच गाडीवरचा धरून बिल लावीन. फोन करू नये. उत्तर लेखी हवं, ३१ जानेवारी, सायंकाळी ५ च्या आत.'