सीताबाईचं वारूळ

धानोरा, श्रावणातला मंगळवार

ब्लॉग फुकटात सुरू झाला म्हणून परवा मिरवलो. त्याची खरी किंमत आज कळली. सीताबाईचं वारूळ.

त्या वारुळापाशी सात्या उगवतात. ती अळंबी विकूनच तिचा श्रावण निघतो. जागा सासूनं फक्त तिलाच दाखवली होती. सीताबाईनं ती आपल्या सुनेच्या कानात सांगितली, माझ्याच दुकानात, मी डाळ तोलत असताना. माझे कान तिखट. नाला, मोहाचं वाकडं झाड, वारूळ, सगळं पहिल्याच लेखात लिहून मोकळा झालो. लिहिलंही झकास, हीच तर लाज.

आज ती रिकामी टोपली घेऊन आली, मागे सून. "भाऊ, वारूळच खणून टाकलं कोणी! आता पुढच्या साली बी काही उगवत नाई." मग सुनेकडे वळून, "तुयाच तोंडातून गेलं."

"नाई बाई, सून काऊन सांगन?" एवढंच बोललो. पुढचं का नाही बोललो? सून माझ्या दारात रडत होती.

लेख काढून टाकला. पण वारूळ?

बायकोला म्हटलं होतं, जग वाचून राह्यलं. आत्ता पाहिलं. वाचणारे सहा, सहाही धानोऱ्याचे.