चंद्र स्थिर झाला की सांगेन

३० जानेवारी १९३८, रविवार
आज कॅम्पातल्या रस्त्यावर विनोदिनीबाईंनी सरळ विचारले, माझ्याशी लग्न कराल का? त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवतात, प्रस्तावनेची सवय नाही. घरी दुसरे स्थळ आलेय, उत्तर लवकर हवे म्हणाल्या. माझे उत्तर 'हो'च. पण चंद्र मकरेत, रास चर. चर राशीत दिलेला शब्द टिकत नाही. परवा कुंभ लागेल, ती स्थिर. विचार करून सांगतो म्हणालो. माझ्या गांभीर्याने भारावून त्या झपझप निघून गेल्या.

२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी
चंद्र कुंभेत. आज नक्की. कोटाला इस्त्री.

संध्याकाळी
गेलो नाही. स्थिर राशीत माणूसही जागचा हलत नाही. दिवसभर खोलीत येरझारा. त्यातून थिअरी मात्र सापडली: व्याकरणातले क्रियापदाचे अर्थ आणि राशींचे स्वभाव एकच. आज्ञार्थ चर, स्वार्थ स्थिर, संकेतार्थ द्विस्वभाव. विध्यर्थ उरतो, त्याचे नंतर बघू. घरमालकीण रुक्माबाईंना समजावले. त्या म्हणाल्या, त्ये ऱ्हाऊ द्या मास्तर, त्या बाईस्नी काय सांगितलासा का न्हाय? यांना शास्त्र कळणे कठीण.

५ फेब्रुवारी, शनिवार
खडेबाजारात बाई समोरच आल्या. चंद्र मीनेत, द्विस्वभाव. 'हो' म्हटले तर त्यात 'नाही' मिसळणार. म्हणून म्हणालो, ग्रह अनुकूल असते तर आजच सांगितले असते. शुद्ध संकेतार्थ. त्या म्हणाल्या, गुरुवारपर्यंत थांबते. माझ्यावर केवढा विश्वास.

९ फेब्रुवारी, बुधवार
चंद्र वृषभेत. स्थिर, शिवाय उच्चीचा. मधल्या सुट्टीत त्यांच्या शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. तिथे राहुकाल आठवला. परतलो. हरकत नाही, उद्या सकाळीही वृषभच.

१० फेब्रुवारी, गुरुवार
पोट बिघडले. तोवर मिथुन लागली.

१३ फेब्रुवारी, रविवार
विनोदिनीबाई घरी आल्या. सोबत आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर गोपाळराव. दुसरे स्थळ म्हणजे हेच. गृहस्थाला स्वतःची जन्मवेळसुद्धा ठाऊक नाही. गुरुवारी संध्याकाळी बाईंनी त्यांना होकार दिला. रुक्माबाईंनी चहा केला. मला रडू येत होते, म्हणून बशीत बघत बसलो. उठताना बाई म्हणाल्या, मास्तर, मुहूर्त तुम्हीच काढून द्याल ना?
चंद्र कर्केत होता, चर. पंचांगाकडे पाहिलेही नाही. लगेच 'हो' म्हणालो.