निषेधाचा मसुदा

सोमवार, ३

नोकरी लागली, तीही डोक्यावरच्या छपरासकट! तळमजल्यावर पक्षाचं कार्यालय, तिसऱ्या मजल्यावर माझी खोली. एक खाट, एक टेबल, रस्त्याकडे गजांची खिडकी. काम पत्रकं लिहिण्याचं. विरोधी उमेदवाराच्या लोकांनी आमच्या वर्तमानपत्राचं कार्यालय जाळलं तेव्हापासून हात नुसते शिवशिवत होते. कार्यालय चालवणाऱ्या बाईंनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलंय. पहिल्याच पत्रकात ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका काढल्या आणि वर चहा पाजला. दारावरच्या राखणदाराला सगळे पैलवान म्हणतात. फुंकर मारली तर उडेल असा आहे. ताईला फोन केला. म्हणाली, वेळेवर जेवत जा.

गुरुवार, ६

बाईंना तातडीने पत्रक हवं होतं: विरोधी उमेदवारावरील हल्ल्याचा तीव्र निषेध. असा हल्ला झाल्याचं माझ्या कानावर नव्हतं, पण कालपासून मी खोलीबाहेरच पडलो नव्हतो. ‘लोकशाहीत हिंसेला थारा नाही,’ वगैरे झकास जमलं. तारीख घालायला गेलो तर म्हणाल्या, उद्याची घाला. छापायला उद्या जाणार असेल.

शुक्रवार, ७

दुपारी बाजारात त्या विरोधी उमेदवाराच्या गाडीखाली बॉम्ब फुटला. दोन्ही पाय गेले.

 खरं लिहायचं तर आधी बरं वाटलं. आमचा छपाईवाला त्याच्याच माणसांनी लावलेल्या आगीत गेला. कोर्टात नुसत्या तारखांवर तारखा. आनंद झाला, आणि मग त्या आनंदाचीच भीती वाटली.

शनिवार, ८

बाईंना सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. वर्गात समजावावं तसं समजावलं. तो निवडून आला तर ही शेवटची निवडणूक ठरेल. घर पेटलं की दार फोडतात, मालकाची परवानगी मागत बसत नाहीत.

मी म्हणालो, मग निषेध कशाला?

‘कारण हिंसा वाईटच असते,’ त्या शांतपणे म्हणाल्या, आणि चहा मागवला.

 वाईट म्हणजे, मला अर्धं पटलंही. चहा प्यायलो.

मंगळवार, ११

राजीनामा दिला. बाई म्हणाल्या, मतदानानंतर बघू. स्फोटाच्या आदल्या दिवशीचा तो मसुदा तुमच्याच अक्षरात माझ्या कपाटात आहे, जपायला हवं. जणू माझ्याच काळजीने. पैलवान आता माझ्या दाराशी बसतो. फोन ‘दुरुस्तीला’ नेलाय.

गुरुवार, १३

नवा मसुदा. मतदान केंद्रावरील स्फोटाचा निषेध. तारीख मतदानाच्या रविवारची. पाय गेल्यापासून त्याच्याकडे सहानुभूतीची लाट आहे, आणि नदीपलीकडच्या शाळेत त्याची हक्काची मतं. मृतांचा आकडा मोकळा सोडा, म्हणाल्या, मागाहून भरू.

त्या शाळेत ताईची निवडणुकीची ड्यूटी आहे. मी सांगितलं. पाया पडलो. बाईंचे डोळे खरोखर भरून आले.

‘सुक्याबरोबर ओलंही जळतं हो.’

शनिवार, १५

दाराला बाहेरून कुलूप. ओरडलो. खाली देशभक्तीच्या गीतांचा कर्णा — कुणाला ऐकू जाणार. मसुदा लिहिलेला नाही. एक अक्षरही नाही. त्याने काय थांबणार आहे —

स्फोट झाला त्या शुक्रवारीच मी पोलिसांत गेलो असतो तर. तेव्हा दार उघडं होतं.

रविवार, १६, सकाळ

कर्णा बंद. कोपऱ्यावर पोलीस! चिठ्ठी लिहिली — शाळा, बॉम्ब, माझी बहीण — पेनाच्या टोपणाला गुंडाळून खिडकीतून खाली टाकली. त्याने उचलली. वाचली. वर पाहिलं. रस्ता ओलांडतोय —

बाई खालच्या दारात. तो वाकून नमस्कार करतोय. त्यांचा जुना विद्यार्थी असावा. चिठ्ठी त्यांच्या हातात —

जिन्यावर पावलं. दोघांची — तिघांची. खाट दाराला लावलीय. साडेनऊ. तिथे रांगा लागल्या असतील. वही गजांतून टाकतोय. ज्यांच्या हाती पडेल त्यांनी वाचत बसू नका, पळा, नदीपलीकडच्या शाळेत, ताईला सांगा सगळ्यांना बाहेर —