डीकनच्या पायांची काळजी

८ सप्टेंबर, सोमवार

लेकीचा, मॅरेनचा फोन. ऑक्टोबरात कोलंबस डेच्या सुट्टीत व्हर्जिनियाहून येतेय. डीकनचं काय करायचं ते तेव्हा ठरवू म्हणाली. म्हणजे घोडा इथे पेनसिल्व्हेनियात माझ्याकडे ठेवायचा की तिकडे न्यायचा. कागदोपत्री घोडा तिचा. पण लेक नोकरीला गेल्यापासून त्याला रोज गाजर कोण देतं? मी. तेव्हा तो माझ्याकडेच राहणार. फक्त तोवर त्याच्या पायावर साधा ओरखडासुद्धा दिसता कामा नये.

सगळा जन्म विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्यात गेला. अपघात कुठे दबा धरून बसलाय ते मला लांबून दिसतं. कुरणात तर तो पावलोपावली बसलाय.

संकल्प: यापुढे डीकन पायात बूट असल्याशिवाय चरायला जाणार नाही.

९ सप्टेंबर

तबेल्याच्या मालकिणीला, डार्लीनला, संकल्प सांगितला. म्हणाली, ऑरिन, घोडे हजारो वर्षं अनवाणीच चरतायत. मी म्हटलं, आणि त्यातले लंगडे किती झाले ते कुणी मोजलंय? घमेलं उचलून चालू लागली. पटलं असावं.

तिचा नियम एकच. बूट ज्याने घातले त्यानेच काढायचे, तिची माणसं हात लावणार नाहीत. ठीक आहे. सकाळी घालीन, संध्याकाळी काढीन. त्यात काय मोठंसं.

११ सप्टेंबर, सकाळ

घंटेच्या आकाराचे रबरी बूट आणले. खुरावर बसतात. मागच्या खुराची ठोकर पुढच्या टाचेला लागू नये म्हणून. उलटे करून, जीव खाऊन ओढावे लागतात. दुसरा चढवताना माझी कंबर धरली. डीकनला काहीही झालं नाही. म्हणजे बूट उत्तम.

११ सप्टेंबर, संध्याकाळ

एक बूट चिखलाने गिळला.

१५ सप्टेंबर

वेल्क्रोच्या पट्ट्यांचे बूट. दोन सेकंदांत निघतात. हे पुडिंगनेही ओळखलं. पुडिंग ही डीकनच्या कुरणातली लठ्ठ, ठेंगणी घोडी. दातात पट्टी धरते, चर्रकन ओढते, आवाज ऐकून खूश होते आणि पुढच्या पायाकडे वळते. डीकन तिच्यासाठी पाय पुढे करतो. कुंपणाबाहेरून ओरडून घसा बसला.

डार्लीन म्हणाली, इतक्या वर्षांत पुडिंग पहिल्यांदाच कशात तरी रमली, तेव्हा आभारी आहे.

१८ सप्टेंबर

आतून लोकर असलेले बूट, चारही पायांना. वर पक्की बक्कलं. डीकनने पाय असे काही उचलले की डार्लीनने विचारलं, चार जुलैचा स्वातंत्र्यदिन होऊन गेला, ही परेड कसली? टिंगल करणाऱ्यांनी करावी. डौल आला घोड्याला.

दुपारपर्यंत लोकरीत इतकी काटेरी बोंडं अडकली की बूट कुठला आणि झुडूप कुठलं कळेना. बोंडं काढता काढता जेवण राहिलं. बर्टा म्हणाली, आपल्या लग्नात तरी माझ्याकडे एवढं लक्ष दिलं होतंस का? बायकांना तुलना करायची सवयच असते.

२२ सप्टेंबर

शास्त्रीय चाचणी. बूट घोड्याला टोचतात का, हे घोडा सांगणार नाही. म्हणून जाड, गुडघ्यापर्यंतचे नवे बूट मी स्वतः दोन्ही हातापायांत चढवून कुरणात रांगलो. निष्कर्ष: अतिशय आरामदायी. आत थोडा घाम येतो, पण तो माझ्या वयामुळे.

रस्त्यावरून जाणारी शाळेची बस हळू झाली. मी घरी पोचायच्या आत बर्टाला कळलेलं होतं. गवतही खाल्लंस का, एवढंच विचारलं.

निवड झाली. हेच बूट.

२९ सप्टेंबर

पाऊस. कंबर. बूट काढायला गेलो नाही. विचार करता लक्षात आलं, रात्री अपघात होत नाहीत असं कुणी सांगितलंय? उलट अंधारात जास्त होतात. बूट रात्रीही राहू देत. ही सुधारणा मला आधीच सुचायला हवी होती.

३ ऑक्टोबर

पाऊस थांबत नाही. डार्लीन म्हणाली, बूट काढ, पायांना हवा लागू दे, ओल धरते आत. तिला म्हटलं, माझा घोडा आहे, मी बघतो. ती म्हणाली, मॅरेनचा घोडा आहे. लागलं मला ते.

७ ऑक्टोबर

डीकन सारखा पाय आपटतोय. मॅरेन येणार हे कळलं असेल, जनावरांना कळतं. थोडा वासही येतो, पण तबेल्यात गुलाबाचा कसा येणार? आता बूट काढायचेच नाहीत. तिच्या हातानेच काढू देत. आतले पाय बघून थक्क होईल.

११ ऑक्टोबर, शनिवार

मॅरेनने बूट काढले.

आतली कातडी पांढरी पडलेली, केस झडलेले, मागचे दोन्ही पाय सुजून खांब झालेले. पट्ट्यांखाली जखमा. डीकनने पाय आखडून घेतला. मॅरेन कोमट पाणी घेऊन खाली बसली आणि किती तरी वेळ नुसती धूत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, बाबा, का घातलेस हे? मी खरं ते सांगितलं. त्याला काही झालं असतं तर तू त्याला घेऊन गेली असतीस. मला तो हवा होता.

ती म्हणाली, मी त्याला तुझ्या नावावर करून द्यायलाच आले होते.

वर बघवेना. डीकन माझ्या खिशात गाजर शोधत होता.

विचारलं, आणि आता? म्हणाली, आता बरा होईपर्यंत तरी माझ्याजवळ राहू दे. त्यानंतर? ती बादली उचलून पाणी बदलायला गेली.

१२ ऑक्टोबर

सकाळी ट्रेलर लावला. डीकन उघड्या पायांनी, लंगडत, पण एका हाकेत चढला. मी म्हटलं, सोबत येऊ का, वाटेत त्याचे पाय बघायला? मॅरेनने मिठी मारली. नको म्हणाली. मिठीसकट नको.

संध्याकाळी सवयीने तबेल्यात गेलो. कुरणात पुडिंग एकटीच उभी होती. गाजर तिला दिलं. बराच वेळ कुंपणाला टेकून बसलो होतो. आजवर नीट बघितलं नव्हतं, पण तिचे पाय फारच आखूड आहेत, आणि सगळे उघडे.

उद्या डार्लीनशी बोलून बघतो.